विषुववृत्त, ओळंबा आणि चिंबोराझो

इक्वेडोरच्या राजधानीच्या, म्हणजे किटोच्या, उत्तरेला सुमारे २५ किलोमीटरवर विषुववृत्ताचे एक भव्य स्मारक आहे. ३० मीटर उंचीच्या मनोऱ्यावर पृथ्वीचा गोल बसवलेला असून, पायथ्याशी आखलेल्या रेषेच्या दोन्ही बाजूंना एकेक पाय ठेवून पर्यटक छायाचित्रे काढून घेतात. याच परिसरात रेषेच्या अलीकडे आणि पलीकडे भांडे ठेवून त्यातले पाणी परस्परविरुद्ध दिशांनी गरगरत जाताना दाखवले जाते आणि त्याच्या चित्रफिती आपल्याकडेही मोठ्या विश्वासाने पुढे पाठवल्या जातात. ती निव्वळ हातचलाखी आहे. पृथ्वीच्या परिवलनामुळे वाहत्या पाण्याला मिळणारे वळण विषुववृत्तावर शून्य असते आणि ध्रुवाकडे वाढत जाते. रेषेपासून ३ मीटरवर ते ध्रुवावरच्या वळणाच्या जेमतेम वीस लाखांवा भाग असते. पाणी ओतताना हाताचा बसलेला हलका धक्काही त्याहून कितीतरी पटींनी प्रभावी ठरतो. खिळ्याच्या डोक्यावर अंडे उभे करण्याचा खेळही हात स्थिर असेल तर नागपुरातही जमतो.

खरे नवल निराळेच आहे. उपग्रहांच्या साहाय्याने पाहिले तर विषुववृत्त या स्मारकाच्या सुमारे २४० मीटर उत्तरेला भरते. त्याला अठराव्या शतकातल्या फ्रेंचांची चूक म्हणण्याची प्रथा पडली आहे आणि ती मला फार अन्यायाची वाटते. आजचे स्मारक १९७९ ते १९८२ या काळात, १९३६ सालच्या लहान स्मारकाच्या जागी उभारले गेले. फ्रेंच आले होते ते वेगळाच प्रश्न घेऊन.

पृथ्वी ध्रुवांपाशी चपटी आहे, असे न्यूटनचे गणित सांगत होते. फ्रान्समध्ये कासिनी या खगोलशास्त्रज्ञांच्या घराण्याने केलेल्या मोजमापांवरून ती उलट ध्रुवांच्या दिशेने लांबट वाटत होती. निकाल लावण्यासाठी पॅरिसच्या विज्ञान अकादमीने एक तुकडी उत्तरेला लॅपलंडमध्ये आणि दुसरी १७३५ मध्ये दक्षिण अमेरिकेत पाठवली. दुसरीत गोदँ, बूगेर आणि ला कोंदामीन हे प्रमुख होते, आणि हा मुलूख स्पेनच्या ताब्यात असल्यामुळे होर्खे हुआन आणि आंतोनियो दे उयोआ हे दोन तरुण स्पॅनिश नौदल अधिकारी त्यांच्याबरोबर होते. काम एकच होते, एका अक्षांशाची लांबी मोजणे.

इथे पुष्कळांचा गोंधळ होतो. विषुववृत्तावर पृथ्वी फुगलेली असेल तर तिथला अंश मोठा भरला पाहिजे, असे सहज वाटते. पण अशा मोजणीत अक्षांश पृथ्वीच्या केंद्रापाशी कोन मोजून ठरत नाही. त्या जागी ओळंबा कोणत्या दिशेला लोंबतो, यावरून तो ठरतो. सरळ उत्तरेला चालत गेल्यावर ओळंब्याची दिशा एका अंशाने बदलली की एक अक्षांश ओलांडला. पृष्ठभागाचा बाक तीव्र असेल तर हा बदल थोडक्या अंतरात होतो, बाक मंद असेल तर जास्त चालावे लागते. ध्रुवांपाशी चपट्या असलेल्या पृथ्वीचा उत्तर-दक्षिण बाक विषुववृत्तावर सर्वांत तीव्र असतो, म्हणून तिथला अंश सर्वांत लहान, ११०.५७ किलोमीटर, आणि ध्रुवापाशी सर्वांत मोठा, १११.६९ किलोमीटर असतो.

हा सव्वा किलोमीटरहूनही कमी असलेला फरक पकडण्यासाठी १७३६ मध्ये किटोजवळच्या यारुकीच्या पठारावर सुमारे १२ किलोमीटरची पायारेषा, म्हणजे पुढच्या सगळ्या मापांना आधार देणारी रेषा, लाकडी दांडे एकापुढे एक ठेवून मोजली गेली. दोन गटांनी ती परस्परविरुद्ध टोकांकडून मोजली आणि दोन्ही मापांत अवघ्या काही इंचांचा फरक पडला. किटोचा नवा विमानतळ आज याच पठारावर आहे. तिथून दक्षिणेला क्वेंकापर्यंत, अँडीजच्या दोन रांगांमधून, त्रिकोणांची साखळी नेण्यात आली, म्हणजे प्रत्येक त्रिकोणाचे कोन मोजून पुढची अंतरे हिशेबाने काढण्यात आली. शेवटी दोन्ही टोकांच्या अक्षांशांतला फरक काढण्यासाठी मृग नक्षत्रातल्या बाणाच्या तीन ताऱ्यांपैकी मधला तारा माथ्यापासून, म्हणजे आकाशातल्या अगदी डोक्यावरच्या बिंदूपासून, किती ढळतो, हे बूगेरने उत्तर टोकाहून आणि ला कोंदामीनने दक्षिण टोकाहून एकाच काळात पाहिले, म्हणजे ताऱ्याच्या स्थानात वर्षभर होणारे सूक्ष्म बदल दोघांच्याही निरीक्षणात सारखेच येतील. लॅपलंडच्या तुकडीने न्यूटनच्या बाजूने कौल आधीच, १७३७ मध्ये, दिला होता. तरीही यांनी काम सोडले नाही.

आता ‘माथा’ ठरवणार कोण? पुन्हा ओळंबाच. आणि शेजारी प्रचंड पर्वत असेल तर त्याच्या गुरुत्वाकर्षणाने ओळंबाच किंचित त्याच्याकडे झुकेल. ही शंका बूगेरने १७३८ मध्ये चिंबोराझो या अँडीजमधल्या पर्वताच्या बर्फाळ उतारावर प्रत्यक्ष तपासली. त्याच्या हिशेबाने ओळंबा १ कला ४३ विकलांनी (६० विकलांची एक कला, ६० कलांचा एक अंश) झुकायला हवा होता. प्रत्यक्षात झुकाव सुमारे ८ विकलाच भरला. विषुववृत्तापाशी एक विकला म्हणजे जमिनीवर जवळजवळ ३१ मीटर. म्हणजे स्मारकाचे २४० मीटर ८ विकलांहूनही थोडे कमी आहेत आणि अँडीजसारखी पर्वतरांग ओळंबा तेवढा सहज झुकवू शकते. उपग्रहांचे विषुववृत्त पृथ्वीचे केंद्र धरून आखलेले असते. ताऱ्यांवरून काढलेले विषुववृत्त ओळंब्यावर विसंबते. डोंगराळ मुलखात ही दोन नेमकी जुळावीत, ही अपेक्षाच चुकीची आहे.

बूगेरचा झुकाव इतका कमी का भरला, याचे एक कारण असे की, पृथ्वीची सरासरी घनता पर्वतातल्या खडकांच्या सुमारे दुप्पट आहे, त्यामुळे तिच्यापुढे पर्वताची ओढ कमी पडते. दुसरे कारण हिंदुस्थानच्या सर्वेक्षणातून पुढे आले. हे सर्वेक्षण सुरू करणाऱ्या लॅम्टनचा १८२३ मध्ये आपल्या हिंगणघाटला मृत्यू झाला; पुढे काम हिमालयाजवळ पोहोचले, तेव्हा ताऱ्यांवरून आणि त्रिकोणांवरून काढलेल्या अक्षांशांत ५ विकलांची तफावत पडली, आणि गणितज्ञ प्रॅटच्या हिशेबाप्रमाणे हिमालयाच्या ओढीने ती जवळजवळ १६ विकलांची असायला हवी होती. १८५५ मध्ये इंग्रज खगोलशास्त्रज्ञ एअरीने त्याचे कारण मांडले, ते असे की पर्वताखाली हलक्या खडकाचे मूळ कवचाखालच्या जड थरात, म्हणजे प्रावरणात, खोलवर रुतलेले असते, आणि वरच्या डोंगराने वाढवलेली ओढ खालच्या या हलक्या मुळामुळे बरीचशी कमी होते.