खुलासा: ‘रोज हजार रुपये दंड’ लिहिला की तो मिळतोच?

घराचं काम ठेकेदाराला देताना जळगाव-धुळ्याकडे करारात एक ओळ हमखास असते: ‘काम लांबल्यास रोज १,००० रुपये दंड.’ शंभर दिवस उशीर झाला की लाख रुपये आपलेच, असं मालक धरून चालतो. तसं नाही. आणि या समजापायी माणसं पावत्या जपत नाहीत, याचं मला फार वाईट वाटतं.

भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम ७४ नुसार लिहिलेली रक्कम ही फक्त कमाल मर्यादा. तिच्या आत जी वाजवी, तेवढीच भरपाई. सर्वोच्च न्यायालयानं १९६३ मध्ये फतेहचंद खटल्यात हेच सांगितलं. २०१५ च्या कैलाशनाथ खटल्यात तर स्पष्टच केलं, की नुकसान झालंच नसेल तर भरपाई नाही.

समजा, अमळनेरात घर रखडलं म्हणून कुटुंब महिना ६,००० भाड्यानं राहिलं. त्या भाड्याच्या पावत्या म्हणजे खरा दावा. अर्धवट स्लॅब दुसऱ्या मिस्त्रीकडून पुरा करून घेतला, तर त्याचा वाजवी वाढीव खर्चही कलम ७३ खाली मागता येतो. सळई-सिमेंटची बिलं आणि तारखेसह फोटो मात्र हवेत.

मुदत हीच कराराची मुख्य अट असेल आणि उशिरा झालेलं काम तुम्ही मुकाट्यानं स्वीकारलं, तर कलम ५५ प्रमाणे उशिराची भरपाई जाते. म्हणून ताबा घेतानाच ‘भरपाई मागणार आहे’ असं ठेकेदाराला लेखी कळवा.