लैंगिक प्रजननाचे प्रयोजन

दोन जननपेशींच्या मीलनातून, आई-बापांच्या जनुकांची सरमिसळ होऊन संतती निर्माण होते, त्या पद्धतीस लैंगिक प्रजनन म्हणतात. अलैंगिक प्रजननात एकाच सजीवाची हुबेहूब प्रत निघते. दुसरी पद्धत सोपी असूनही बहुतेक प्राणी व वनस्पती पहिलीच का पत्करतात, हे उत्क्रांतिशास्त्रातले जुने कोडे आहे आणि ते अजून पुरते सुटलेले नाही.

कोडे नेमके कुठे आहे, ते गोव्यातल्या कुळागरातही (पोफळीच्या बागेतही) दिसते. पोफळींखालची ओली माती उकरताना गांडुळासारखा, काळपट चकचकीत वाळा साप निघतो. लांबीला जेमतेम वीतभर, डोळे खवल्यांखाली झाकलेले. मुंग्यांची आणि वाळवीची अंडी हे त्याचे खाणे. या जातीत आजवर फक्त माद्याच सापडल्या आहेत. मादी नराविना अंडी घालते व त्यांतून पुन्हा माद्याच निघतात. कुंडीतल्या मातीबरोबर एकटी मादी परदेशी गेली तरी वंश सुरू होतो. हा साप असाच जगभर पसरला. लैंगिक जातीत मात्र निम्मी संतती नर, आणि नर अंडी घालत नाहीत. दोन्हीकडच्या माद्यांना सारखीच पिल्ले झाली, तर अलैंगिक वंश दर पिढीला दुप्पट वेगाने वाढेल. नुसत्या हिशेबाने नर हा आतबट्ट्याचा व्यवहार! ब्रिटिश उत्क्रांतिशास्त्रज्ञ जॉन मेनार्ड स्मिथ यांनी १९७०च्या दशकात ही ‘दुप्पट किंमत’ ठळकपणे मांडली.

ती भरून कशी निघते? अमेरिकी आनुवंशशास्त्रज्ञ हरमन मुलर यांनी १९६४ मध्ये दाखवले, की अलैंगिक वंशात घातक उत्परिवर्तने, म्हणजे जनुकांतले बदल, पिढ्यान्‌पिढ्या साचत जातात. सरमिसळीत ती काही संततीतून गळतात. अधिक वजनदार उत्तर रोगजंतूंचे आहे. केळ बुंध्याशी फुटणाऱ्या पिल्लांपासून लावतात, गोव्यातल्या मयडे गावची नावाजलेली केळीही त्याला अपवाद नाहीत. म्हणजे बाग ही एकाच झाडाच्या प्रतींची. एका झाडाला नमवणारी बुरशी सगळ्यांना नमवते. ‘ग्रो मिशेल’ या निर्यातीच्या केळ्याचे मळे मध्य अमेरिकेत पनामा मर रोगाने असेच उठले, नि १९६०च्या सुमारास त्याची जागा ‘कॅव्हेंडिश’ने घेतली. बियांपासून वाढलेल्या काजूत प्रत्येक झाड वेगळे. बागायतदाराला हा वेगळेपणा नकोसा, म्हणून तो कलमे लावतो. रोगाला मात्र हा वेगळेपणाच अडवतो. न्यूझीलंडमधल्या तळ्यांतील एका गोगलगायीत दोन्ही पद्धती आढळतात आणि जिथे परजीवी कृमी जास्त, तिथे नरही (म्हणजे लैंगिक प्रजननही) जास्त, असे जीवशास्त्रज्ञ कर्टिस लाइव्हली यांना आढळले.

तरीही एकच कारण सर्वत्र लागू पडत नाही. डेलॉइड रोटिफर या पाण्यातल्या सूक्ष्म प्राण्यांत नर कधीच सापडले नाहीत, तरी कोट्यवधी वर्षे ते टिकून आहेत. काही सजीव दोन्ही मार्ग वापरतात. अळसांद्यांच्या (चवळीच्या) कोवळ्या शेंड्यांवरच्या काळ्या मावा या रस शोषणाऱ्या किडीची मादी नराविना थेट पिल्ले देते, म्हणूनच शेंडा चार दिवसांत काळा पडतो. थंड देशांतल्या मावा-जाती हिवाळ्यापूर्वी नर निर्माण करतात आणि मीलनातून झालेली अंडी थंडी काढतात. गोव्याच्या उबदार हवेत काळ्या माव्याला त्याची गरज पडत नाही.