मोबाइल आला आणि भाव जुळले: पण मोबाइलमुळेच, हे कशावरून?

खेड्यात मोबाइल पोचला, पुढे उत्पन्न वाढलं, म्हणजे मोबाइलमुळेच वाढलं, असं भाषणांतून आणि जाहिरातींतून ठासून सांगितलं जातं. आता मोबाइलच्या जागी एआय आलं आहे, युक्तिवाद तोच आहे. बेडकांचं लग्न लावलं आणि पाऊस पडला, या समजुतीमागचा तर्क याहून तसूभरही वेगळा नाही. पावसाळा तोंडावर आल्यावर लग्न लावलं तर पाऊस पडणारच. मोबाइल पसरत होते त्याच वर्षांत रस्ते सुधारत होते, शिक्षण वाढत होतं, लोकांच्या हातात पैसाही येत होता. या सगळ्यातून मोबाइलचा वाटा वेगळा काढायचा कसा?

डिजिटल तंत्रज्ञान आणि समाज हा विषय पदव्युत्तर पातळीवर शिकताना खरी कसोटी लागते ती इथे. याच अभ्यासासाठी ऑक्सफर्ड इंटरनेट इन्स्टिट्यूट २००१ मध्ये सुरू झाली. आपल्याकडे बंगळुरूच्या आयआयआयटीत ‘डिजिटल सोसायटी’ या विषयात एमएस्सीचा अभ्यासक्रम सुरू झाला. तिथे ॲप बनवायला शिकवत असतील, असा बऱ्याच जणांचा समज असतो. पण या विषयाचा गाभा आहे पुरावा: तंत्रज्ञानाने काय बदललं, कोणासाठी बदललं, आणि हे आपल्याला कशावरून कळलं. या विषयातला एक अभ्यास मला फार आवडतो. अर्थशास्त्रज्ञ रॉबर्ट जेन्सन यांनी केरळमधल्या मच्छीमारांवर केलेला आणि २००७ मध्ये प्रसिद्ध झालेला.

१४ जानेवारी १९९७ ची सकाळ. कोळिकोड जिल्ह्यातल्या वडकरा किनाऱ्यावर तारली घेऊन आलेल्या अकरा होड्यांना गिऱ्हाईकच नव्हतं. भाव शून्य. मासळी टाकून देण्यावाचून इलाज नव्हता. त्याच वेळी तिथून १५ किलोमीटरच्या आतल्या किनाऱ्यांवर २७ खरेदीदार मासळी न मिळाल्याने रिकाम्या हाताने परतायच्या बेतात होते, आणि किलोला जवळजवळ दहा रुपये मोजायला तयार होते. मासळी साठवता येत नाही. डिझेल आणि वेळ पाहता एका दिवसात दोन किनारे करणंही परवडत नाही. समुद्रात असताना कुठल्या किनाऱ्यावर काय भाव आहे हे कळायला मार्ग नाही. म्हणून जो तो आपल्याच किनाऱ्याला लागायचा.

त्यानंतर दोनच आठवड्यांत कोळिकोडला मोबाइल सेवा सुरू झाली. टॉवर किनाऱ्यालगतच्या शहरांत असल्याने समुद्रात वीस-पंचवीस किलोमीटरपर्यंत रेंज मिळायची, आणि बरीचशी मासेमारी त्याच पट्ट्यात चालायची. होडीवरूनच फोन करून भाव विचारता येऊ लागला.

जेन्सन यांच्याकडे १५ किनाऱ्यांवरच्या ३०० होड्यांच्या नोंदी होत्या. सप्टेंबर १९९६ ते मे २००१ या काळात दर मंगळवारी घेतलेल्या. आता सरळ मार्ग कोणता? फोनवाल्या आणि बिनफोनच्या होड्यांची तुलना करायची. पण हा मार्ग चुकीचा आहे. त्या काळात फोन घेणारा बहुधा मोठ्या होडीचा, चार पैसे गाठीशी असलेला मालक. त्याची कमाई जास्त दिसली तर ती फोनमुळे की मोठ्या होडीमुळे? दुसरी अडचण अशी, की फोनवाल्या होड्या दुसऱ्या किनाऱ्याकडे वळल्या की मूळ किनाऱ्यावरची गर्दी कमी होते आणि फोन नसलेल्यालाही बरा भाव मिळतो. त्यांचाही थोडा फायदा झाल्याचं नोंदींत दिसलं. म्हणजे तुलनेसाठी धरलेला गटच फोनच्या परिणामात भिजलेला.

मग तुलना होड्यांची न करता प्रदेशांची करायची. सेवा सगळीकडे एकदम आली नव्हती. कोळिकोडला जानेवारी १९९७ मध्ये, उत्तरेला कन्नूरला जुलै १९९८ मध्ये, त्याच्याही उत्तरेला कासरगोडला मे २००० मध्ये. या क्रमातच सगळी गंमत आहे. कोळिकोडच्या किनाऱ्यांमधली भावांची तफावत सेवेनंतर झपाट्याने घटली, तेव्हा कन्नूर आणि कासरगोडला ती तशीच मोठी होती. कन्नूरला सेवा आली आणि तिथलीही घटली, कासरगोड मात्र होतं तिथेच. शेवटी कासरगोडची पाळी आली. आता कुणी म्हणालं की हे मोबाइलमुळे नसून डिझेलमुळे, पावसामुळे किंवा रस्त्यांमुळे झालं, तर त्या कारणालाही याच तीन तारखांना, याच क्रमाने, दक्षिणेकडून उत्तरेकडे सरकत यावं लागेल.

आकडेमोड अशी. कोळिकोडमधला आधीचा आणि नंतरचा फरक काढायचा. त्याच काळातला कन्नूरमधला फरकही काढायचा. पहिल्यातून दुसरा वजा करायचा. दोन्हीकडे सारखंच बदलत असलेलं सगळं या वजाबाकीत उडून जातं. तफावत मोजायला जेन्सन यांनी चलन गुणांक वापरला, म्हणजे भावांचं प्रमाण विचलन (भाव सरासरीपासून साधारण किती दूर पसरलेत ते) भागिले सरासरी भाव. तो ६० ते ७० टक्क्यांवरून १५ टक्के किंवा त्याहूनही खाली आला. पूर्वी पाच ते आठ टक्के मासळी वाया जायची, ते थांबलं. मच्छीमारांचा नफा सरासरी ८ टक्क्यांनी वाढला आणि ग्राहकाला मासळी ४ टक्क्यांनी स्वस्त मिळू लागली.

या वजाबाकीमागे एक गृहीतक आहे. सेवा आली नसती तर दोन्ही प्रदेशांची वाटचाल समांतर राहिली असती, हे ते गृहीतक. ते थेट सिद्ध करता येत नाही. सेवेपूर्वीची वाटचाल समांतर होती का, एवढंच तपासता येतं. टप्प्याटप्प्याने येणाऱ्या सेवेत आणखी एक खोच आहे, ती अर्थशास्त्रज्ञ अँड्र्यू गुडमन-बेकन यांनी २०२१ मध्ये नीट उकलून दाखवली. नेहमीच्या सूत्रात सगळे प्रदेश आणि सगळी वर्षं एकत्र घातली, की कन्नूरला सेवा येताना आधीच सेवा असलेलं कोळिकोडही तुलनेचा गट म्हणून वापरलं जातं. कोळिकोडवरचा परिणाम वर्षागणिक वाढत असेल, तर ती वाढही वजाबाकीत जाते आणि उत्तर लहान येतं. कधीकधी चिन्हसुद्धा उलटू शकतं! जेन्सन यांचे तिन्ही प्रदेशांचे आलेख शेजारीशेजारी ठेवले की नुसत्या डोळ्यांनी बदल दिसतो, म्हणून तिथे ही भीती कमी. पण दर अभ्यासात आलेख इतके बोलके नसतात.

आता महाराष्ट्रात येऊ. अर्थशास्त्रज्ञ मार्सेल फाफशां आणि बार्ट मिन्टेन यांनी राज्यातल्या १०० गावांत प्रयोग केला, तो २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. चिठ्ठ्या टाकाव्यात तशी काही गावं निवडून तिथल्या शेतकऱ्यांना ‘रॉयटर्स मार्केट लाइट’ ही एसएमएस सेवा वर्षभर फुकट देऊ केली. त्यात बाजारभाव, हवामान आणि पीकसल्ला मिळायचा. सेवा मिळालेल्या शेतकऱ्यांनी सांगितलं की आपले काही निर्णय या माहितीवरून घेतले. माल कुठल्या बाजारात न्यायचा आणि प्रतवारी करायची का, यात थोडा फरकही दिसला. पण हाती पडलेल्या भावात दखल घेण्याजोगा सरासरी फरक आढळला नाही. नुसती मुलाखत घेऊन थांबलं असतं, तर हीच सेवा यशस्वी ठरली असती.

केरळ खरं की महाराष्ट्र? दोन्ही. केरळात तुलना होती फोन असण्याची आणि नसण्याची. महाराष्ट्रातल्या प्रयोगापर्यंत फोन बहुतेकांच्या खिशात आलेला होता, बाजारातल्या ओळखीच्या माणसाला विचारून भाव कळत होताच. एसएमएसने त्यात कितीशी भर घातली असेल? शिवाय ज्याने अडत्याकडून उचल घेतली आहे, त्याला दुसऱ्या बाजारातला चढा भाव कळून काय उपयोग, असं मला वाटतं. असाच मुद्दा संशोधक जानकी श्रीनिवासन आणि जेना बरेल यांनी २०१३ मध्ये केरळच्या मच्छीमारांबाबत मांडला. किनाऱ्यावर जाऊन, माणसांशी बोलून. मासेमारीच्या तऱ्हा अनेक, आणि कर्जाने लिलाववाल्याशी बांधलेला मच्छीमार मनाला येईल त्या किनाऱ्यावर मासळी विकू शकत नाही. हे नातं भावाच्या रकान्यात उमटत नाही. म्हणून आकडेवाल्यांनी क्षेत्रकार्याला कमी लेखू नये, असं मी आवर्जून म्हणेन.

मराठी विद्यार्थ्यासाठी एक विषय अगदी हाताशी आहे. ई-नाम ही ऑनलाइन लिलावाची राष्ट्रीय व्यवस्था १४ एप्रिल २०१६ रोजी सुरू झाली आणि बाजार समित्या तिला टप्प्याटप्प्याने जोडल्या गेल्या. इथे टप्पे आयते आहेत, पण आधी कोणती समिती जोडली गेली आणि का, हे पहिल्यांदा शोधावं लागेल. मोठ्या आणि सक्षम समित्या आधी घेतल्या असतील तर समांतर वाटचालीचं गृहीतक तिथेच कोसळतं. त्यानंतर हवेत जोडलेल्या आणि न जोडलेल्या समित्यांचे, एकाच दिवसाचे, एकाच प्रतीच्या कांद्याचे किंवा सोयाबीनचे भाव, जोडणीच्या आधीच्या दोन-तीन वर्षांपासूनचे. आणि त्यासोबत अडत्यांशी, हमालांशी, शेतकऱ्यांशी बाजाराच्या आवारात बसून केलेलं बोलणं.