टाळू दुभंगलेल्या मुलांमधील श्रवणप्रक्रिया व भाषाविकास

गर्भावस्थेच्या पहिल्या तिमाहीत टाळूचे दोन भाग मधोमध न जुळल्यास बाळ टाळूला फट घेऊन जन्मते. दूध नाकावाटे परत येणे आणि पुढे बोलणे नाकातून येणे ही लक्षणे सर्वांच्या नजरेस पडतात. ऐकण्यातली उणीव मात्र बहुधा दुर्लक्षित राहते.

घसा आणि मध्यकर्ण यांना जोडणारी नलिका गिळताना व जांभई देताना टाळूचा एक स्नायू उघडतो. दुभंगलेल्या टाळूत त्याची जोडणीच बदललेली असल्याने मध्यकर्णात हवा पोचत नाही आणि कानाच्या पडद्यामागे चिकट द्रव साचतो. हे जवळजवळ प्रत्येक अशा तान्ह्या बाळात घडते. कान दुखतोच किंवा वाहतोच असे नाही. मूल आज हाकेला वळते, आठवड्याने वळत नाही, आणि घरचे त्याला हट्टी ठरवतात.

श्रवणप्रक्रियेची, म्हणजे कानावर पडलेल्या आवाजाचा मेंदूने अर्थ लावण्याची, अडचण याहून वेगळी आहे. द्रव ओसरून श्रवणआलेख (ऐकण्याच्या चाचणीचा आलेख) सामान्य आला तरी काही मुलांना गोंगाटातून बोलणे वेगळे काढणे, दोन ध्वनींमधील सूक्ष्म खंड ओळखणे किंवा लांबलचक सूचना क्रमाने ध्यानात ठेवणे जड जाते. याचे कारण सुरुवातीच्या महिन्यांतील अपुऱ्या श्रवणात आहे की मेंदूच्या जडणघडणीत, याविषयी अभ्यासकांत एकमत नाही. नागपूरच्या उन्हाळ्यात दिवसभर कूलरच्या घरघरीत वावरणाऱ्या घरात अशा मुलाशी जवळ बसून, चेहऱ्यासमोर बोलणे म्हणूनच अगत्याचे ठरते.

प, ब, त, क यांसाठी तोंडात हवेचा दाब साठवावा लागतो. टाळू उघडी असल्यास तो नाकावाटे निसटतो. परिणामी मूल ‘आई’, ‘मामा’, ‘नाना’ आधी बोलते आणि ‘बाबा’चा उच्चार ‘मामा’सारखा होतो. नाकाखाली थंड आरसा धरून ‘पा-पा-पा’ म्हणवून घेतल्यास आरशावर वाफ धरते. अर्थात हा उच्चारदोष झाला. शब्दसंग्रह तोकडा असणे किंवा वाक्यरचना उशिरा येणे ही भाषेची अडचण असून तिची तपासणी स्वतंत्रपणे करावी लागते.

टाळूची शस्त्रक्रिया साधारण 9 ते 18 महिन्यांच्या वयात केली जाते. तिने कानाचा प्रश्न आपोआप सुटत नाही. गरजेनुसार पडद्यात बारीक नळी (ग्रोमेट) बसवतात किंवा श्रवणयंत्र देतात. टाके सुकले की उपचार संपले, ही समजूत सर्वाधिक नुकसान करते. श्रवणप्रक्रियेच्या चाचण्या सुमारे 7 वर्षांच्या आधी भरवशाच्या ठरत नसल्याने पाठपुरावा शाळेच्या वयापर्यंत चालू ठेवावा लागतो.

2013 पासून राबवल्या जाणाऱ्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात या व्यंगाची तपासणी समाविष्ट आहे. नागपुरात ‘मेडिकल’ (शासकीय वैद्यकीय महाविद्यालय व रुग्णालय) आणि त्याला लागून असलेले शासकीय दंत महाविद्यालय येथे विदर्भाबरोबरच शेजारच्या मध्य प्रदेशातूनही रुग्ण येतात. त्यांच्यात वऱ्हाडी, हिंदी, गोंडी अशा निरनिराळ्या घरभाषा असतात. गोंडी बोलणाऱ्या मुलाला प्रमाण मराठीतील चित्रे व शब्द दाखवून भाषा मागे असल्याचा निष्कर्ष काढणे शास्त्रीयदृष्ट्या सदोष आहे.