बर्डॉक: घरची लागवड आणि औषधी वापर

बर्डॉक ही सूर्यफुलाच्या कुळातली द्विवर्षायू वनस्पती, शास्त्रीय नाव आर्क्टियम लापा. मूळची युरोप आणि आशियातली, पुढे उत्तर अमेरिकेत पोचली आणि तिथे रस्त्याच्या कडेला, पडीक जागेत तण म्हणून माजली. जपानमध्ये मात्र हिची रीतसर शेती होते, तिथे हिला गोबो म्हणतात आणि मुळाची भाजी करतात, कोरिया आणि तैवानमध्येही खातात. औषध म्हणून युरोपात जास्त करून मूळ वापरलं गेलं तर चिनी वैद्यकात बी. फळांवरच्या हुकासारख्या वळलेल्या काट्यांमुळेही ही वनस्पती प्रसिद्ध आहे, १९४० च्या दशकात जॉर्ज द मेस्त्राल या स्विस इंजिनियरने कपड्यांना आणि कुत्र्याच्या केसांना चिकटलेली ही फळं मायक्रोस्कोपखाली बघितली आणि त्यातून वेल्क्रो, म्हणजे बूट-पिशव्यांवरची चिकटणारी पट्टी, आली.

घरी लावणाऱ्याने सगळ्यात आधी हिचं दोन वर्षांचं चक्र समजून घ्यावं, कारण बाकी सगळं त्यावरच ठरतं. पहिल्या वर्षी फक्त जमिनीलगत मोठ्या पानांचा झुबका येतो, पानं हृदयाच्या आकाराची, खालून पांढरट लवदार, आणि या काळात झाड सगळा साठा मुळात भरत असतं. हा साठा म्हणजे मुख्यतः इन्युलिन, एक प्रकारचं तंतुमय कर्बोदक. दुसऱ्या वर्षी दांडा वर येतो, माणसापेक्षाही उंच जाऊ शकतो, जांभळी फुलं, मग काटेरी फळं, आणि बी झालं की झाड मरतं. दांडा वाढताना मुळातला साठा खर्च होतो आणि मूळ लाकडासारखं चिवट, पोकळ होत जातं. त्यामुळे मूळ काढायचं ते पहिल्या वर्षाच्या शेवटी, थंडी पडायच्या सुमारास, किंवा फार तर पुढच्या वसंतात दांडा फुटायच्या आधी. उशीर केला तर मूळ वाया गेलं समजा.

लागवड कठीण नाही, खोदाई कठीण आहे. मूळ सरळ खाली ६० ते ९० सेंटीमीटर जातं, म्हणून माती तेवढी खोल, भुसभुशीत आणि दगडविरहित लागते, पाणी साचणारी चिकट माती अजिबात नको. ताजं शेणखत घालायचं नाही, मुळाला फाटे फुटतात, चांगलं कुजलेलं कंपोस्ट चालतं. बी रात्रभर पाण्यात भिजवून थेट जागेवरच पेरायचं कारण रोप उपटून दुसरीकडे लावलं की सोटमूळ दुखावतं आणि वेडंवाकडं वाढतं. बियांना उगवायला उजेड लागतो त्यामुळे वर मातीचा अगदी पातळ थर पुरे, एक ते दोन आठवड्यांत कोंब येतात, मग विरळणी करून दोन रोपांत साधारण १५ सेंटीमीटर अंतर ठेवायचं. ऊन भरपूर असावं, थोडी सावली चालते. पाणी कमी वेळा पण खोलवर मुरेल असं द्यायचं.

जमीन कठीण असेल तर उंच ड्रम किंवा फळ्यांची खोल पेटी घ्यावी, माझ्या मते घरच्यासाठी हाच उत्तम मार्ग, एक बाजू निघणारी असेल तर काढताना पेटी उघडायची आणि माती बाजूला सारायची, मूळ अख्खं हातात येतं. जमिनीत लावलं असेल तर शेजारी खोल चर खणून बाजूने मूळ मोकळं करायचं, वरून ओढलं की हमखास तुटतं. पेरणीपासून चार-पाच महिन्यांत मूळ तयार होतं.

स्वतः लावायचं खरं कारण ओळखीचं आहे. जंगलातून खणून आणताना बेलाडोनाच्या मुळाशी गल्लत होऊ शकते आणि बेलाडोना विषारी आहे. १९७० च्या दशकात अमेरिकेत बर्डॉकच्या नावाने विकलेल्या चहातून विषबाधा झाल्याची नोंद आहे, त्यात अ‍ॅट्रोपीन हे बेलाडोनातलं विष सापडलं होतं, जे बर्डॉकमध्ये नसतंच. तोंड एकदम कोरडं पडणं, बाहुल्या मोठ्या होणं, धडधड, भ्रम अशी लक्षणं दिसली तर लगेच दवाखाना गाठायचा. आपण बी पेरलं, पानं वाढताना बघितली, तर हा धोका जवळजवळ उरत नाही.

वापरताना मूळ आधी अन्न आणि मग औषध असं धरलेलं बरं. साल घासून काढायची, बारीक काप करायचे आणि लगेच पाण्यात टाकायचे, नाहीतर हवेने काळे पडतात, पाण्यात थोडं व्हिनेगर घातलं तर रंग अजून टिकतो. चव मातकट, किंचित गोड. इन्युलिन आपल्याला पचत नाही, ते मोठ्या आतड्यातले बॅक्टेरिया खातात, म्हणून पहिल्यांदा जास्त खाल्लं की गॅस होतो, थोड्यापासून सुरुवात करायची.

औषध म्हणून वाळलेल्या मुळाचे तुकडे उकळून काढा करतात, परंपरेत एका वेळेला २ ते ६ ग्रॅम वाळलेलं मूळ असं प्रमाण आहे. युरोपियन मेडिसिन्स एजन्सीने लघवीच्या किरकोळ तक्रारीत लघवीचं प्रमाण वाढवायला, तात्पुरती भूक मंदावल्यावर आणि तेलकट कोंड्यासारख्या त्वचेच्या त्रासात हिचा पारंपरिक वापर मान्य केलाय, पण तो दीर्घ वापराच्या आधारावर, क्लिनिकल ट्रायलच्या पुराव्यावर नाही. हा फरक लक्षात ठेवायलाच हवा. ‘रक्त शुद्ध करते’ हे जुनं वर्णन सगळीकडे सापडतं पण त्यातून नेमकं काय घडतं ते कुणी सांगत नाही. कॅनडाची नर्स रेने केस हिच्या एसियाक या मिश्रणात बर्डॉकचं मूळ होतं आणि त्याचा कॅन्सरवरचा उपाय म्हणून गाजावाजा झाला, पण कॅन्सर बरा होतो असा पुरावा नाही, त्याच्या भरवशावर कॅन्सरचे उपचार थांबवणं धोक्याचं आहे.

गरोदरपणात आणि लहान मुलांना काढा देऊ नये. सूर्यफुलाच्या कुळातल्या वनस्पतींची अ‍ॅलर्जी असलेल्यांनी लांब राहावं. डायबिटीसची, लघवी वाढवणारी किंवा रक्त पातळ करणारी औषधं चालू असतील तर डॉक्टरांना विचारूनच घ्यावं. पानं हाताळताना काहींना पुरळ उठतं.

साठवायचं तर मूळ धुवून पातळ चकत्या करून सावलीत, हवेशीर जागी कडकडीत वाळवायचं, वाकवल्यावर चकती मोडली पाहिजे, नुसती वाकली तर अजून ओल आहे आणि बुरशी लागेल. ताजी मुळं ओलसर वाळूत थंड जागी बरेच दिवस राहतात. पुढच्या पेरणीसाठी एखादं झाड दुसऱ्या वर्षापर्यंत ठेवावं, फळं फोडताना हातमोजे आणि चष्मा घालायचा कारण त्यातले बारीक केस डोळ्यात गेले तर जखम होते, आणि बाकीच्या झाडांची फुलं फळं धरायच्या आत कापून टाकायची, नाहीतर ती आसपासच्या प्रत्येक प्राण्याच्या अंगाला चिकटून शेजारच्या जागेत जातात.