कोदोकान आणि अखिल जपान ज्युदो महासंघ: पत्ता एक, कारभार दोन

तोक्योच्या बुंक्यो भागात कासुगा इथे कोदोकानची, म्हणजे ज्युदोच्या मूळ तालमीची, इमारत आहे. तिथल्या मॅटवर एकदा तरी उतरायचं, ही जगभरातल्या ज्युदोपटूंची इच्छा असते. अखिल जपान ज्युदो महासंघाचं कार्यालयही त्याच इमारतीत आहे. पत्ता एक, खेळ एक आणि २०१३ पर्यंत बराच काळ अध्यक्षही एकच. त्यामुळे कोदोकान म्हणजेच जपानचा ज्युदो महासंघ असं अनेकांना वाटतं. तसं ते नाही, आणि हा फरक नीट पाळला न गेल्याची किंमत तिथल्या खेळाडूंनी मोजली आहे.

कोदोकान आधी आलं. ज्युदोचे जनक जिगोरो कानो यांनी १८८२ मध्ये तोक्योतल्या एइशोजी मंदिरात बारा तातामींच्या, म्हणजे बारा जपानी चटयांच्या, जागेत ते सुरू केलं. पुढच्याच वर्षी त्यांनी शिष्यांना पहिले डॅन, म्हणजे ब्लॅक बेल्टचे दर्जे, दिले. १९०९ मध्ये कोदोकानचा न्यास झाला, तरी मूळ स्वभाव वस्तादाच्या तालमीचाच राहिला. विद्या जपायची, शिकवायची आणि शिष्य किती तयार झाला ते ठरवायचं. अध्यक्षपदही घरातच फिरलं. जिगोरोंनंतर भाचे जिरो नांगो, मग मुलगा रिसेई, मग नातू युकिमित्सु. २००९ मध्ये पहिल्यांदा कानो कुटुंबाबाहेरचा माणूस त्या जागी आला. विद्येच्या घराण्यात हे चालतं, असं मला वाटतं. तिथे शिष्य आपणहून येतो आणि पटलं नाही तर निघून जातो.

महासंघाचं तसं नाही. तो १९४९ मध्ये स्थापन झाला. खेळाडूला राष्ट्रीय संघात जायचं तर हाच एक दरवाजा. ४७ प्रांतांतल्या संघटना, खेळाडूंची नोंदणी, पंच, संघनिवड, सराव शिबिरं, सरकारी अनुदान हे सगळं त्याच्याकडे. जपानच्या ऑलिंपिक समितीत ज्युदोचं प्रतिनिधित्व त्याचं, आणि आंतरराष्ट्रीय ज्युदो महासंघाचा सदस्यही तोच, कोदोकान नव्हे. ही शेवटची बाब कागदोपत्री वाटते, पण निळ्या ज्युदोगीच्या, म्हणजे ज्युदोच्या पोशाखाच्या, वादात तिचं वजन कळलं. लढतीत एकाने पांढऱ्याऐवजी निळा पोशाख घालावा, ही नेदरलँड्सचे ज्युदोपटू आंतोन खेसिंक यांची सूचना जपानला मुळीच रुचली नव्हती. पण असे निर्णय सदस्य महासंघांच्या मतांवर होतात आणि जपानचं मत इतर देशांइतकंच. १९९७ मध्ये निळा रंग मंजूर झाला. अखिल जपान अजिंक्यपद स्पर्धेत मात्र दोघेही पांढऱ्यातच उतरत राहिले.

दोन्ही संस्था सर्वांत जास्त गुंततात त्या डॅनपाशी. परीक्षेला बसणाऱ्याची महासंघाकडे नोंदणी लागते, परीक्षेची व्यवस्था स्थानिक संघटना पाहते, पण डॅन देतं कोदोकान. केइको फुकुदा या जिगोरो कानोंच्या हाताखाली शिकलेल्या. कोदोकानने त्यांना २००६ मध्ये नववा डॅन दिला, तिथून एखाद्या स्त्रीला मिळालेला तो पहिला. दहावा त्यांना २०११ मध्ये अमेरिकेतल्या ज्युदो संघटनांनी दिला, वयाच्या ९८ व्या वर्षी. कोदोकानने तो कधीच दिला नाही. म्हणजे त्या दहाव्या डॅनच्या होत्या की नव्हत्या, हे कोणाला विचारता त्यावर ठरतं. मला विचाराल तर होत्या.

आपल्याकडेही हा फरक पोरांच्या कामाचा आहे. क्लासमध्ये मिळालेला ब्लॅक बेल्ट मोलाचाच, पण महाराष्ट्रात पाच टक्के खेळाडू आरक्षणासाठी प्रमाणपत्राची पडताळणी होते तेव्हा मान्यताप्राप्त संघटनेच्या स्पर्धेतली कामगिरी पाहतात. क्लासची फी भरण्याआधी हे विचारून घ्यावं.

आता २०१३. २००९ पासून दोन्ही खुर्च्यांवर हारुकी उएमुरा होते, १९७६ च्या माँट्रियल ऑलिंपिकचे सुवर्णविजेते. राष्ट्रीय महिला संघाच्या शिबिरात मुख्य प्रशिक्षक मुलींना थपडा मारत, बांबूच्या तलवारीने मारत. २०१२ च्या शरदात हे महासंघाच्या कानावर गेलं. महासंघाने प्रशिक्षकाला ताकीद दिली आणि त्याच पदावर पुन्हा नेमलं. मग डिसेंबरात १५ खेळाडूंनी थेट ऑलिंपिक समितीकडे दाद मागितली. जानेवारीअखेर बातमी फुटली आणि प्रशिक्षकाला जावं लागलं. आपल्याच संघटनेत ऐकणारं कोणी नाही म्हणून राष्ट्रीय संघातल्या मुलींना बाहेर जावं लागलं, यापेक्षा कारभाराचं मोठं अपयश मला दिसत नाही. त्या वेळी संचालक मंडळात एकही स्त्री नव्हती.

पाठोपाठ पैशांचं प्रकरण निघालं. प्रशिक्षकांच्या नावाने आलेल्या अनुदानातला काही भाग वेगळ्या निधीत वळवला जात होता आणि प्रत्यक्ष न शिकवणाऱ्यांच्या नावेही रकमा उचलल्या गेल्या होत्या. चौकशी समितीने सुमारे ६ कोटी येनचा गैरप्रकार दाखवला. जुलैअखेर अध्यक्षांना हटवण्याचा ठराव महासंघाच्या प्रतिनिधी सभेत आला, तो पडला. मतदान करणारे बहुतेक त्याच परंपरेत वाढलेले. ज्याने डॅन दिला त्याच्याविरुद्ध हात वर करणं किती अवघड, हे गुरुपरंपरेत वाढलेल्या कुणालाही सांगायला नको. सरकारच्या कॅबिनेट कार्यालयाने त्याच महिन्यात जबाबदारी निश्चित करण्याची शिफारस केली होती आणि ऑगस्टमध्ये राजीनामा आला. तो महासंघाचा. कोदोकानचं अध्यक्षपद उएमुरांकडेच राहिलं, आणि नियमाने त्यात वावगं काही नव्हतं, कारण संस्था वेगळी, घटना वेगळी.

महासंघावर आले शोजी मुनेओका, पोलाद उद्योगातले. विद्यार्थिदशेत ज्युदो खेळलेले, पण ज्युदोच्या पुढाऱ्यांच्या वर्तुळाबाहेरचे. २०१७ मध्ये त्यांच्या जागी यासुहिरो यामाशिता आले. त्यांच्या काळात, २०२२ मध्ये, महासंघाने प्राथमिक शाळेतल्या मुलांची इयत्तावार राष्ट्रीय स्पर्धा बंद केली. पोरांनी काहीही करून जिंकावं म्हणून मोठी माणसं त्यांच्यावर फार दबाव आणतात, हे कारण दिलं. ज्युदो हे शिक्षण आहे, हा आग्रह जिगोरो कानोंचा, पण स्पर्धा बंद करण्याचा अधिकार महासंघाचाच होता, आणि तो त्याने वापरला.