पोट साफ झालं म्हणजे पचन सुधारलं का?

पचनासाठीच्या आयुर्वेदिक गोळ्यांच्या डब्यांवरचे दावे साधारण एकसारखेच असतात. आत मात्र दोन अगदी वेगळ्या जातीची औषधं असू शकतात. डबा फिरवून बारीक अक्षरांतली घटकद्रव्यांची यादी वाचली, की गोळी कुठल्या गोटातली ते कळतं.

यादीत सोनामुखी असेल, तर ती रेचक आहे. सोनामुखीच्या पानांतली सेनोसाइड्स जठरात आणि लहान आतड्यात जवळपास जशीच्या तशी राहतात, कारण त्यांना जोडलेली साखर तोडणारं पाचकद्रव्य आपल्याकडे नाही. ते काम मोठ्या आतड्यातले जिवाणू करतात. साखर सुटली की ऱ्हाइन अँथ्रोन तयार होतं. त्याने आतड्याच्या हालचाली वाढतात, पाणी शोषून घेणं कमी होतं आणि मग शौचाला होतं. या साऱ्याला ६ ते १२ तास लागतात, म्हणून गोळी रात्री घ्यायची. पण अन्नाचं पचन आणि पोषणद्रव्यांचं शोषण मुख्यतः आधीच, लहान आतड्यात उरकलेलं असतं! सकाळी हलकं वाटतं ते खरं, त्याला पचन सुधारलं म्हणणं खोटं.

अधूनमधून घ्यायला हरकत नसते. महिनोन्महिने घेतली, तर मोठ्या आतड्याच्या अस्तरावर तपकिरी-काळा रंग चढतो. दुर्बिणीच्या तपासणीत तो स्पष्ट दिसतो. त्याला मेलॅनोसिस कोलाय म्हणतात. तो रंग स्वतः निरुपद्रवी असतो आणि औषध थांबवल्यावर हळूहळू जातो. काळजीची बाब निराळी: सतत जुलाब होत राहिले, तर शरीरातलं पोटॅशियम घटतं.

दुसरा गोट दीपन-पाचनाचा, म्हणजे भूक वाढवणाऱ्या आणि अन्न पचवणाऱ्या औषधांचा. सुंठ, मिरी, पिंपळी हे त्रिकटू त्यातलं मुख्य. आलं वाळवून सुंठ होताना त्यातल्या जिंजरॉल या तिखट द्रव्याचा काही भाग आणखी तिखट शोगॉल बनतो, म्हणून सुंठ जास्त झणझणीत. जठर लवकर रिकामं व्हायला सुंठेची मदत होते, असं काही छोट्या अभ्यासांत दिसलं आहे. मला त्याहून रंजक वाटतं ते मिरी-पिंपळीतलं पायपरिन. आतड्यातली आणि यकृतातली औषधं मोडणारी काही विकरं (एन्झाइम्स) ते मंदावतं. १९९८च्या एका प्रयोगात हळदीतल्या २ ग्रॅम कर्क्युमिनबरोबर २० मिलिग्रॅम पायपरिन दिल्यावर माणसांच्या रक्तात कर्क्युमिन कितीतरी पटींनी अधिक उतरलं. हाच गुण फिट्सवरच्या फेनिटॉइनसारख्या औषधाच्या बाबतीत महागात पडू शकतो, कारण त्याचीही रक्तातली पातळी वाढते. तेव्हा रोजची औषधं चालू असतील, तर गोळीचा डबाच डॉक्टरांना दाखवावा.

याच गोटातल्या चित्रकादि वटी या गोळीत चित्रकमूळ आणि त्रिकटूबरोबर पाच प्रकारची लवणं, म्हणजे मिठं, असतात. गोळी इवलीशी असते, त्यामुळे रक्तदाबासाठी मीठ तोडलेल्या माणसाच्याही हे मीठ लक्षात येत नाही.